पावणी

आमच्या फोंड्याच्या प्रेसमधलं प्लेट काढायचं यंत्र
बावीस वर्षांचं आहे, आणि हट्टी.
एकाच जातीच्या मदरबोर्डाशी ते बोलतं,
आणि तो बनवणारा कारखाना केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागला.
जायांच्या पुजेच्या पत्रिका अर्ध्यावर असताना बोर्ड गेला,
करपलेल्या काजूबियांसारखा वास मागे ठेवून.

म्हणून मी रात्री लिलावात बसले.

रोहिदासमामा देवळातल्या पावणीत बोली पुकारायचा.
एक वार. दोन वार.
तिसऱ्या वाराआधी तो मुद्दाम पान जुळवत बसायचा,
तेवढ्यात कुणीतरी दहा रुपये चढवायचंच.
मला म्हणायचा, नारळ घ्यायचा तर हलवून बघ,
आत पाणी बोलतं का ऐक.
आणि आकडा घरूनच पदराला बांधून आण,
मांडवात गाठ सोडू नकोस.

पडद्यावरचा नारळ हलवता येत नाही.
म्हणून मी विचारत राहिले:
सॉकेटच्या पिना जवळून दाखवा.
कपॅसिटर फुगलेत का, तिरक्या उजेडात दाखवा.
बोर्डाशेजारी चिठ्ठी ठेवा, तिच्यावर आजची तारीख
आणि माझं नाव, प्रमदा वेरेकर, हातानं लिहिलेलं.

एकानं उत्तराऐवजी नंबर पाठवला.
ताई, इथं कशाला? पैसे सरळ मलाच टाका,
चारशे कमी करतो.
मामा असता तर म्हणाला असता,
मांडवाबाहेर देवाचा नारळ विकणारा
देवाचाही नसतो, नारळाचाही.
चारशेचा मोह चहाबरोबर गिळला.

दुसरा बोर्ड स्वच्छ होता. फारच.
फोटो जाहिरातीतला, धुळीचा कण नाही,
चिठ्ठी मागितली तर उत्तर नाही.
तरी बोली लावली. का, ते विचारू नका,
मडगावच्या प्रेसनं जायांच्या पुजेचं काम उचललं होतं.
माझी गाठ तेवीसशेपन्नासची.
शेवटच्या मिनिटाला कुणी 'के', पुढं नुसत्या चांदण्या,
तेवीसशेसाठ.
दहाच रुपये.
बोट बटणावर होतं
आणि कुठून कोण जाणे, जुळवलेल्या पानाचा वास आला.
मी हात मांडीखाली दाबून ठेवला.

पंधरा दिवसांनी तोच बोर्ड पुन्हा लिलावात, विकणारा 'के'.
चालू होत नाही. सुट्या भागांसाठी घ्या.
मला आनंद झाला, मग लाज वाटली,
मग परत थोडा आनंद.

तिसरा वास्कोच्या कुस्तोदियो आन्द्रादेंचा.
गोदीतल्या ऑफिसातून निवृत्त, मराठी मोडकंतोडकं:
पंखा आवाज करतो. एक स्लॉट मेला आहे.
विचार करून घे, बाय.
चिठ्ठीवर मी प्रमोदा झाले होते,
तारीख मात्र बरोबर.
मेलेला स्लॉट आपणहून सांगणारा माणूस
इतक्या रात्रींत पहिलाच.
अठराशे. समोर दुसरं कुणी आलंच नाही.

पार्सल फोडताना शाईच्या डब्याला फोन टेकवून
सगळं टिपलं, सील, टेप, खोक्याच्या चारी बाजू.
दिन्या म्हणाला, लग्नाचा व्हिडिओ आहे का?
आत रोमी लिपीतल्या पेपराचे चार थर,
आणि कोपऱ्यात एक नवा सेल,
त्याच्यावर चिकटपट्टी: हा जास्तीचा.

मामा दर पावणीला शेवटचा केळ्यांचा घड स्वतः घ्यायचा.
चाळीसची केळी नऊशेला.
तेव्हा ती पदराची गाठ कुठं जायची
हे मी कधी विचारलं नाही, आता मामा नाही.

बोर्ड लागल्यावर पहिलं छापलं ते एका नाटकाचं हँडबिल.
त्यातलं एक कुस्तोदियोंना पाठवलं, पाकिटात शंभराची नोट घालून.
त्यांनी मागितली नव्हती. हिशेबात ती कुठं लिहू, अजून ठरत नाही.

पंखा आवाज करतो.
सांगितला होता तेवढाच.