बारा हात चिखल

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर बरं, आणि मी सगळ्यांत नवी.
तर लिहिते:
रायबंदर, तिसरा मजला, खिडकीत मांडवी,
पाच संस्था, अकरा माणसं,
आणि कॉफीचं एक यंत्र, जे फक्त गरम पाणी देतं.

विषय पहिला. जमिनीचे चौकोन केवढे पाडायचे?
शंभर मीटरचे, म्हणाले पुण्याचे टेंभेकर.
दोनशेचे, म्हणाली चेन्नईची इळवरसी,
कारण चौकोनाची बाजू निम्मी केली
की संगणकाचे तास सोळापट होतात,
आणि ते तास तिच्या खात्यातले.
सोळापट, मी लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.

विषय दुसरा. भूकंप किती वेळ चालवायचा?
नव्वद सेकंद. त्यापुढे पैसे नाहीत.
पाटणचे झुंजारराव तोवर पेन्सिलीला टोक काढत होते.
“कोयनेच्या धक्क्यानंतर आई अंगणात निजायला गेली,”
ते म्हणाले,
“ती अठरा वर्षं आत आली नाही.
ते कुठल्या रकान्यात घालायचं?”
आयत्या वेळच्या विषयांत घेऊ, असं ठरलं.
घेतलं नाही.

विषय तिसरा. लेखावर पहिलं नाव कुणाचं?
यावर सव्वा तास चर्चा झाली.

विषय चौथा, खाजनं.
पठारावरचा चिरा कमी हलेल, खालचा गाळ जास्त,
एवढं सगळ्यांना मान्य.
पण गाळ खोल किती?
नकाशात तिथे पांढरं.
बोअरचे कागद आल्तिन्योच्या एका कपाटात,
कपाटाची किल्ली निवृत्त झालेल्या कारकुनाजवळ,
कारकून लिस्बनला, लेकीकडे.

म्हणून जेवणानंतर फेरीबोटीनं चोडणला गेलो.
बांधावर मानशीची दारं सांभाळणारा इनास कुलासो
आमच्या बुटांकडे पाहून हसला,
आणि त्यानं बांबू सरळ चिखलात घातला,
जोडून दुसरा, मग तिसरा.
“बारा हात,” म्हणाला. “उपरांत म्हाका खबर ना.”

दिवसभरात पहिल्यांदा
कुणीतरी आपल्याला कुठवर माहीत आहे ते सांगत होतं.
टेंभेकरांनी खिशातून टेप काढली,
इनासचा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजला.
अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.
म्हणजे पाच मीटर शहात्तर, निदान.
“मोजणी झाली?” त्यानं विचारलं,
आणि हात पुन्हा बांबूवर ठेवला, भरती यायची होती.
त्याचं नाव लेखात कितवं, हे मी विचारलं नाही.
विषय तिसरा संपला होता.

रात्री, पाहुण्यांच्या खोलीत,
त्या पांढऱ्या जागेचा एकच उभा रकाना मी भरला:
वर चिखल, खाली चिरा, मध्ये इनासचा हात बारा वेळा.
चालवून पाहिला.
चाळिसाव्या सेकंदाला चिरा निवांत.
चिखल मात्र हलत होता, ताटलीतल्या खरवसासारखा,
सत्तरला, ऐंशीला,
नव्वदला मी थांबवायचं होतं.

थांबवलं नाही.
इळवरसीच्या खात्यातून आणखी दहा सेकंद घेतले,
मग आणखी दहा,
रेघ बारीक होत गेली, पण सपाट होईना,
खालच्या मजल्यावर झुंजाररावांच्या खोलीचं दार वाजलं,
ते चटई घेऊन व्हरांड्यात येत होते.

इतिवृत्तात हे नाही.