लोकरीचा बोळा

गोळ्यांच्या डबीत मी मोहेरचा बोळा कोंबायचो,
घोडं दुडकत निघालं की
आतलं काही वाजू नये म्हणून.
सेमोनकाँगचा दवाखाना चार तासांवर.
वाटेत तीन वस्त्या,
आणि प्रत्येक वस्तीला कान.

कातरणीच्या शेडमध्ये माझा हात सगळ्यांत हलका.
बकरी मांडीत धरायची, पोटाकडून सुरुवात,
डोंगरावरून धुकं उतरावं तशी
सबंध लोकर एका तुकड्यात,
कातडीवर ओरखडा नाही.
लांबच्या गावाहून निरोप यायचा,
त्सेलिसोलाच पाठवा.
आणि जेवणाच्या सुट्टीत माझा कप वेगळा,
खिळ्याला टांगलेला.
कुणी काही बोललं नव्हतं.
खिळा तेवढा ठोकला होता.

खाउहेलो यायचा अंधार पडल्यावर,
डोक्यावरून कांबळं ओढून.
शेजारीण विचारायची, कोण गं बाई हा?
चुलतभाऊ, मी सांगायचो.
सात वर्षांत मला इतके चुलतभाऊ झाले
आणि सगळ्यांचं तोंड एकच!
तो पोट धरून हसायचा.
मला हसू यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात ओढा गोठला, घोडं घसरलं,
डबी खडकावर फुटली.
गुडघे टेकून बर्फातून वेचत होतो
पांढऱ्यात पांढरं,
तेवढ्यात मेंढ्यांमागून एक पोरगा आला,
मोठ्या माणसाचे गमबूट, नाक वाहतंय.
न विचारता शेजारी बसला.
अठ्ठावीस, म्हणाला. किती होत्या?
तीस.
मग त्यानं आणखी एक शोधली,
तळव्यावर फुंकर मारून माझ्या हातात ठेवली.
माझी आई नऊला घेते,
रेडिओवर बातम्या लागल्या की मीच हाक मारतो तिला.
तुला कोण हाक मारतं?

तिसावी अजून तिथंच असेल.
बोळा वारा घेऊन गेला,
नवा मी केला नाही.
आता डबा बिस्किटांचा, पत्र्याचा,
तिन्ही वस्त्यांतून खुळखुळत जातो,
घोडं सुद्धा कान टवकारतं.

खिळा अजून भिंतीत आहे, कपही.
परवा खाउहेलो दुपारीच आला शेडमध्ये, भर उजेडात.
मी माझ्याच कपात चहा ओतला,
आधी त्याला दिला.
कातऱ्या थांबल्या.
मुकादमानं विचारलं, हा कोण?
माझा.
चुलतभाऊ?
नाही. नुसता माझा.
हात कापत होते, खोटं कशाला सांगू.
मांडी सरसावून बसलो आणि म्हणालो,
पुढची बकरी आणा.