बोजारा

फ्रिजच्या दारात, पन्ह्याच्या बाटलीशेजारी
तिची इंजेक्शनं.
मे महिन्यात मानेवाड्याची लाइन गेली
की आम्ही दोघंही आधी तिकडेच धावायचो,
कूलर नि माणसं नंतर.
धंतोलीहून बर्फाच्या थर्मासात औषध आणताना
स्कूटर मी अशी चालवायचो,
जसं मागं कुणी झोपलंय.

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांसोबत
प्रणोती एक बारीक टिंब द्यायची.
टिंब आलं की ठरल्या वेळी
हजेरी लावल्यासारखे आम्ही जवळ.
एकदा ती मधेच हसली.
एकदा मी.
नंतर कुणीच नाही.

तिच्यातच काहीतरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक.
आईनं तिला कोराडीला नेलं, नवस बोलायला लावला.
मावसबहिणीच्या डोहाळजेवणात
ओटीचं ताट तिच्यासमोरून
हळूच पुढं सरकलं.
मला कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही,
की लॅबच्या त्या खोलीत
कडी न लागणाऱ्या दाराला पाठ लावून
मी उभा होतो,
डबीवर मार्करनं माझं नाव,
आणि रिपोर्टात कमी पडलेला आकडा
माझाच.
ती फाइल तिनं तिच्या साड्यांखाली ठेवली.
चार वर्षं.

आज तान्हा पोळा.
टीव्हीवर महालातली गर्दी,
पिवळ्या मारबतीचे थिजलेले डोळे,
इडा पिडा घेऊन जा गे मारबत.
चहा गाळताना ती म्हणाली,
"काय काय नेईल हो बिचारी."

संध्याकाळी पोट्टे आले,
लाकडी चाकांची खडखड गल्लीभर.
खालच्या ठवकरांच्या अद्वैतकडे माझा बैल,
आजोबांनी सागाचा करून घेतलेला,
शिंगांना आता चमकीचे गोंडे.
मागच्या वर्षी तिनं तो मला न विचारता देऊन टाकला,
तेव्हा आठ दिवस मी बोललो नव्हतो.

ती सुट्टे घेऊन दारात गेली.
आतून आई उठली,
"मी देतो न बोजारा. तू राहू दे वं."

हातातली नाणी मुठीत ओढून
प्रणोती बाजूला झाली,
सवयीनं,
जसं बसमध्ये कुणाला जागा देतात.

"आई, कमी माझ्यात आहे. डॉक्टरनं लिहून दिलंय."

काय बोललो ते माझ्याच कानांना उशिरा पोचलं.
ठवकरवहिनी जिन्यात थबकल्या.
आईनं भिंतीला हात लावला.
अद्वैत तेवढा म्हणाला,
"काका, बोजारा?"
मी शंभराची नोट दिली. तो पळाला.
एक चाक निखळून
उंबऱ्याशी गोल फिरत राहिलं.

रात्री ती माझ्याकडं पाठ करून,
"एवढ्या लोकांत काहून सांगितलं?"
आणि बऱ्याच वेळानं,
"चाक चिकटवून द्या पोराचं."

सकाळी बनियन शोधताना
फाइल दिसली,
माझ्या शर्टांखाली.