खिटी

बक्स्टनच्या बाहेर, चुनखडीच्या खाणीकडे वळणाऱ्या रस्त्यावर
डॉरीन ऑलरनशॉचं गॅरेज.
पाटी नाही. दारात उलटी बादली, बादलीवर मांजर.

मी म्हटलं, गाडी सहा हजारांना उघडत नाही.
विकणारा शपथेवर सांगत होता,
सहा हजार फेऱ्यांनंतर म्हणे दुसरंच इंजिन सुरू होतं.
आठ महिने झाले, माझं पहिलंच चाललंय.

ती हसली नाही. तेल कधी पाहिलंस, एवढंच विचारलं.

मग वरचं झाकण काढून, बॅटरी तोंडात धरून,
दाखवत गेली बोटानं:
शाफ्टवर दोन बुटके उंचवटे, त्यांच्या मधे एक उंच.
बुटके झडपा उघडतात बेताबेतानं,
दूध आणायला पुरेल इतक्या, दवाखान्यात वेळेवर पोचेल इतक्या.
मधला रॉकरही हलतो. उंचाखाली असतो, म्हणून
दोघांपेक्षा जास्तच हलतो,
पण त्याच्या हाताखाली झडपच नाही.
दिवसभर नुसता स्प्रिंगवर मान डोलावतो.

(सोमवारच्या बैठकीत मी.)

आणि ही खिटी, ती म्हणाली, करंगळीच्या पेराएवढी.
तेलाचा दाब आला की सरकते
आणि तिघांच्या पोटातून आरपार जाते.
मग तिघं एक. मग उंचाचं चालतं.
पण त्याआधी कॉम्प्युटर विचारतो,
इंजिन तापलंय? गाडी पळतेय? पाय खरोखर खाली आहे?
एकाचं जरी उत्तर नाही आलं
तर खिटी जागची हलत नाही.

तेलाच्या वाटेवर नखाएवढी जाळी होती, काजळानं बुजलेली.
डॉरीननं ती फुटक्या बशीत धुतली,
उजेडाला धरली, फुंकर मारली, परत बसवली.
चाळीस पौंड. आणि चल, बघू या.

मॅकल्सफील्डचा चढ. दोन्ही बाजूंना तपकिरी माळ,
कुंपणाच्या दगडांवर शेवाळ, मेंढ्या आमच्याकडे पाठ करून.
पन्नासची मर्यादा, कॅमेरे.
दुसरा गियर ठेव, ती म्हणाली, पन्नासच्या आत होतं सगळं.
कायदा मोडावा लागत नाही.

चार हजार. पाच.
साडेपाचला हात आपोआप दांड्यावर गेला.
मिरजेला भाऊंनी फियाटवर शिकवलं होतं,
इंजिन ओरडायच्या आत गियर बदलावा.
डॉरीननं माझ्या हातावर हात ठेवला,
ग्रीसचा, जड.
आठ महिन्यांत कधी सहापर्यंत नेलीस?

मी स्टॉकपोर्टला कान तपासते.
माणसं काचेच्या खोलीत बटण धरून बसतात,
आवाज आला की दाबायचं.
काही जण येण्याआधीच दाबतात.
आम्ही त्यांना पुन्हा सांगतो, थांबा. खरंच येऊ द्या.

पाच हजार आठशे.
नऊशे.

आणि
इतका वेळ ओठ मिटून गुणगुणणाऱ्यानं
एकदम तोंड उघडून आ लावला.

झटका नव्हता. पाठ सीटला थोडी जास्त टेकली, इतकंच.
पण त्या एका स्वरात धातू होता, हवा होती,
समोरच्या काचेत पूर्ण भरलेलं आकाश होतं,
आणि काटा वर चढत होता,
जणू वरती जागा आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.
माझ्या तोंडून काहीतरी निघालं. कुठल्या भाषेत, आठवत नाही.

एकोणपन्नास. मी पाय उचलला.
दाब उतरला, स्प्रिंगनं खिटी मागे ढकलली,
तिघं पुन्हा आपापले झाले.
मधला मान डोलावू लागला, बिनकामाचा, तयार.

जाळी घाण होतीच हं, डॉरीन खिडकीतून बाहेर बघत म्हणाली,
तुला बरं वाटावं म्हणून असेल.
मग घड्याळ पाहिलं.
वळव आता. मांजर वाट बघत असेल.