कुठल्या आधीसारखी

पर्थहून तू विचारतोस, आधीसारखी होईल ना?
तिकडे पहाट, तू खाणीवर निघालेला, डब्यात काल रात्रीचं काहीतरी.
इकडे किलिबेग्जला रात्रीचे नऊ,
मी बाबांच्या गोठ्यात गाडीखाली उताणी,
तोंडात गंजाची चव.

कुठल्या आधीसारखी, फियाख्रा?

मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली, त्याच्या आधीसारखी?
की तू स्प्रिंगा कापल्यास त्याच्या?
ग्राइंडरने, माप न घेता, शुक्रवारी,
कारण शनिवारी लेटरकेनीत सगळे जमणार होते
आणि गाडी जमिनीला चाटून गेली पाहिजे होती.
गेली.
सायलेन्सर तिथेच रस्त्यात ठेवून.

मी ट्रॉलरांची पोटं जोडते, आठ मिलिमीटरचा पत्रा.
हा पत्रा म्हणजे पापड.
हात जरा रेंगाळला की भोक, ते बुजवावं तर शेजारी दुसरं.
दाराखालची पट्टी उघडली, तर आत
फेस, वर्तमानपत्र, आणि वरून रंग.
उजव्या चाकाच्या कमानीत कुणीतरी
रस्त्यावरच्या पाटीचं ठिगळ रिव्हेट मारून बसवलेलं:
'डंग' एवढीच अक्षरं, आणि बाणाचं शेपूट.
हे तुझं नव्हे. तुझ्या आधीच्या कुणाचं.
मी ते काढून, पुसून, भिंतीवर टांगलंय.

गालिच्याखाली दहा येनचं नाणं मिळालं,
दाराच्या चौकटीवर एक जपानी चिठ्ठी, कडा सोललेल्या.
सध्या बांगड्याचा हंगाम.
मासळी तपासायला आलेले कुवाबारासान
धक्क्यावरून थेट गोठ्यात आले, गमबुटांसकट.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वाचलं:
ऑइल बदललं, एक्क्याण्णवचा मार्च.
पुढचं चौसष्ट हजार किलोमीटरला.
आता किती झाले? त्यांनी विचारलं.
मीटर माझ्या भावाने बदलला, मी म्हटलं. दोनदा.
ते हसले नाहीत. दोन बोटांनी दार लावलं,
खटका लागेपर्यंत हात तिथेच.
आपल्या घरात कुणीच असं दार लावत नाही.

मग मी तुझं एकेक उतरवत गेले.
निळे दिवे. मागचा तो पंख, ज्यावर बाबा मोजे वाळत घालायचे.
डॅशबोर्डला तू पाडलेलं तिरकं भोक
बुजवायला घेतलं, पण त्यातला ऑइल प्रेशरचा काटा
अजून खरं बोलतो. राहू दिलं.

शेवटी मागचा डिफरन्शियल.
आठवतं, दोन्ही चाकं एकदम फिरावीत म्हणून
तू आतले दाते एकमेकांना वेल्ड करून टाकलेस?
माझ्या मशीनवर. मला न विचारता.
मी तेव्हा नुकती शिकत होते.
उघडला. वेल्ड कसला, सीगलची शिट.
कापायला चकती लावली. दोन चकत्या गेल्या.
मग दिवा धरून पाहिलं, कामावर पाहते तसं,
दुसऱ्याची चूक शोधायचा पगार मिळतो तसं:
रूप नाही, पण आतवर मुरलाय.
माझ्या पहिल्या वर्षातला एकही जोड
एवढा मुरलेला नव्हता.
हे तुला सांगायचं नव्हतं.

दाते पुसले, झाकण लावलं, नवं ऑइल ओतलं.
चिठ्ठी लिहिली, आपल्या भाषेत, तारीख घातली,
त्या जुनीच्या शेजारी चिकटवली.

काल पहिल्यांदा बाहेर काढली.
चर्चच्या वळणावर आतलं टायर किंचाळलं,
मागची बाजू लंगडून सरळ झाली, तुझ्या वेळी व्हायची तशी.
आईने नंतर सांगितलं,
बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.
म्हणाले, आला वाटतं.
मग थोडा वेळ ऐकत राहिले.
छे, म्हणाले, तो नव्हे.
दुसरा गिअर घासला नाही.