पाठीवरची चेन

राक्षसानं पाठ दाखवायची नाही,
हा नियम कुणा शूराने केलेला नव्हता.
तो माझ्यामुळे होता. माझ्या चेनीमुळे:
मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत
अडीच हात पितळी चेन,
जी कॅमेऱ्याला दिसता कामा नये.

तामा नदीकाठी पत्र्याचा स्टुडिओ,
शोवाचं एकेचाळीसावं साल.
मी तोमिए. आधी शाळांचे गणवेश शिवायचे,
मग रबराचे खवले.

इसोगाई सकाळी सातला आत शिरायचा,
कमरेला टॉवेल, गालात खारवलेलं आंबट उमे.
मी चेन ओढायचे. वरचे चार दात नेहमी अडत.
"श्वास आत घे."
"सोडू कधी?" आतून आवाज.
राक्षसाचे डोळे वर, बल्बचे, लाल.
त्याचे स्वतःचे खाली, गळ्याच्या घडीत
मीच पाडलेल्या दोन भोकांमागे.
तिथून त्याला जग दिसायचं आगपेटीएवढं.

दर गुरुवारी तो मरायचा.
जळून, चिरून, कड्यावरून,
एकदा नुसत्या शिट्टीच्या आवाजाने.
चंदेरी वीर झालेला उगाकी, एकोणीस वर्षांचा पोरगा,
आधी कमरेत वाकून माफी मागायचा
आणि मग लाथ घालायचा.
संध्याकाळी बूट उपडे केले की पेलाभर घाम.
मेलेल्याचं आम्ही काही वाया जाऊ देत नसू:
मुंडकं दुसऱ्या धडाला,
शेपटीची पुढच्या महिन्यात सोंड.

मग हाचिनोहेहून एक पोस्टकार्ड आलं,
पेन्सिलीनं, ओळी उताराला लागलेल्या.
उशिओराला मारू नका.
तो वाईट नाहीये. त्याची वाट चुकलीये.
माझे बाबा पण दोनदा चुकले होते, धुक्यात.

मुरोता साहेबांनी ते दोनदा वाचलं,
सिगारेट चहाच्या बशीत विझवली.
"जाऊ दे त्याला. समुद्रात."
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
जाऊ दे म्हणजे वळू दे.
वळू दे म्हणजे पाठ.

चेन उसवून काढली.
इसोगाईला आत उभं केलं, आणि शिडाची सुई,
मेण लावलेला दोरा घेऊन
त्याला आतच शिवून टाकला.
एकशे बारा टाके.
"टोचलं का?"
"एकदाच."
"कुठे?"
"आता सांगून काय उपयोग?"

निळीच्या पाण्याचा हौद. काठावर बोटभर होड्या,
सुताराने रात्र जागून केलेलं बंदर,
ज्यातलं त्या दिवशी काहीच मोडायचं नव्हतं.
तो चालत गेला. घोट्यापर्यंत, कमरेपर्यंत.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
न पडता.
उगाकीचा हात अर्धा वर गेला,
तसं पटकथेत नव्हतं,
आणि तिथेच राहिला.
पंखेवाला पंखा फिरवायचा विसरला.

मग कात्री. वाफ.
आतून लालबुंद, सुरकुतलेला माणूस निघाला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "तोमिए-सान,
पाठीमागे कुणी उभं आहे, असं वाटत होतं.
बरं वाटत होतं."
टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे गेला.
पुढच्या गुरुवारी नवा राक्षस, नवी चेन, मरण जुनंच.

पडद्यावर मात्र माझी शिवण लपली नाही.
दिव्याखाली ती चकाकली, वेडीवाकडी, मानेपासून खालपर्यंत.
अकरा पत्रं आली. सगळ्यांत तेच:
त्याच्या पाठीवर ती जखम कुणी केली?
आपल्याकडे यायच्या आधी
तो कुठे होता?

आम्ही उत्तर दिलं नाही. आम्हाला ठाऊक असतं तर दिलं असतं.

आता स्टेशनासमोर माझं छोटं दुकान आहे,
बाह्या आखूड करणं, अस्तर, बिघडलेल्या चेनी.
गिऱ्हाईक आलं की टेप गळ्यात घालते
आणि म्हणते, वळा जरा.
माणसं वळतात.
काही विचारत नाहीत,
नुसती वळून उभी राहतात.