ताटाएवढी खिडकी

अकरा वर्षं बाबांनी हे बेट
ताटाएवढ्या खिडकीतून पाहिलं.
खाली, इंजिनाला लागून असलेल्या स्वयंपाकघरातून:
हातात सुरी, फळीवर मासा
आणि काचेत वरखाली होणारा काळा डोंगर.

या खेपेला चार केबिन रिकाम्या राहिल्या.
कप्तान म्हणाला, घरच्यांना घेऊन ये, एलिसेर.
म्हणून आज रबरी होडीत आई, मी, धाकटा नेप्ताली,
आणि पाहुण्यांचं नारिंगी जॅकेट घातलेले बाबा,
रिकाम्या हातांचं काय करावं
ते न कळून गप्प बसलेले.

फर्नांडिना.
दूध उतू जाऊन शेगडीवर करपावं
तसा लाव्हा, वळ्या पडून थिजलेला.
चालता चालता त्यातलाच एक दगड डोळे उघडतो.
इग्वाना! मग दिसतच जातात, शेकड्यांनी,
एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून पडलेले.
एकजण शिंकतो. नाकातून खाऱ्या पाण्याची चिळकांडी.
नेप्तालीचं हसू थांबत नाही.

बाबा वाकतात. खडकावरचं पांढरं बोटाला लावून
जिभेकडे नेणार, तोच
"इथलं काही उचलायचं नाही," झोराइदा म्हणते.
"मीठसुद्धा?"
"मीठसुद्धा, डॉन एलिसेर."
गेली सहा वर्षं ती त्यांच्या हातचं सूप पितेय,
म्हणून जरा हळू म्हणते.

पुढे कड्याशी पाणकावळा.
लाटेतून चढून आला, चोचीत शेवाळाची जुडी.
घरट्यातल्या तिच्यापुढे ती टाकली
आणि पंख पसरून उन्हात उभा राहिला.
पंख कसले, मोडक्या छत्रीच्या काड्या.
"याला उडता येत नाही," झोराइदा सांगते.
"मासे पायाशी, मारायला कुणी नाही.
हजारो वर्षांत पंख झिजत गेले."
"मग वाळवतो कशाला?" आईने विचारलं.
झोराइदाने टोपी मागे सारून डोकं खाजवलं.
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

बाबांचं लक्ष नव्हतं.
ते वळून जहाजाकडे बघत होते:
पांढरं, लांब, बत्तीस खिडक्यांचं.
"नांगरापासून तिसरी. खालची. दिसली?"
मला दिसली नाही. हो म्हणाले.

मग वारा फिरला,
आणि बाबांनी एकदम नाक वर केलं.
"कांदा करपवला गाढवाने!"
सगळे इग्वाना होते तसेच पडून राहिले.